'द डिव्हायनर्स' २३६व्या पानावर अडली आहे. सोडावी की रेटावी?

चिंचपान

लिबा ब्रे यांच्या 'द डिव्हायनर्स' या किशोरांसाठीच्या अलौकिक थ्रिलर कादंबरीची (२०१२) ५७८ पानांची हार्डकव्हर प्रत हातात आहे. २३६ पानं झाली, म्हणजे साधारण ४१ टक्के. सुरुवातीची प्लँचेटची पार्टी फार चांगली जमली आहे. रुटाचा खून तर अंगावर येतो. त्यानंतर मात्र पुस्तक जागचं हलत नाही. नायिका एव्ही पार्ट्यांना जाते, संग्रहालय चालवणारे तिचे विलमामा व्याख्यानं देतात, मध्येच न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला मेम्फिस येतो, मध्येच थीटा आणि हेन्री. कुणाचा कुणाशी काय संबंध, ते लक्षात राहत नाही. शिवाय एव्हीचं बोलणं निम्मं डोक्यावरून जातं.

प्रश्न तीन. पुढे वेग येतो का, आणि साधारण कुठे? मधला काही भाग गाळून वाचता येईल का? आणि सोडायचंच ठरलं तर शेवट वाचून ठेवावा का? मालिकेत चार पुस्तकं आहेत म्हणून विचारतो. पहिलं अर्धवट टाकून दुसरं उचलण्यात अर्थ आहे का?

शेवट फोडणार असाल तर आधी इशारा द्या, ही विनंती.

वाळवी

अजून ३४२ पानं उरली आहेत. निर्णयाआधी त्यांचा हिशोब मांडा. दिवसाच्या ज्या वेळी एरवी वाचता त्याच वेळी, घड्याळ लावून सलग दहा पानं वाचा. बावीस मिनिटं लागली तर उरलेल्या पुस्तकाला साडेबारा तास लागतील. रोज पाऊण तास धरला तर सतरा दिवस. हा आकडा डोळ्यांसमोर असला की 'अर्धं तर झालंच आहे' या वाक्याचा दाब कमी होतो. प्रश्न पुढचे सतरा दिवस या पुस्तकाला द्यायचे का, एवढाच उरतो. किंडलवर वाचणाऱ्यांनी टक्क्यांवर विसंबू नये. मालिकेतल्या पुस्तकांच्या शेवटी ऋणनिर्देश, लेखकाचं टिपण, कधी पुढच्या भागाचं प्रकरण जोडलेलं असतं, त्यामुळे कथा शंभर टक्क्यांच्या बरीच आधी संपते.

आता निदान. अलौकिक थ्रिलर मधेच अडतो त्याची कारणं एकसारखी नसतात आणि प्रत्येकाला उपाय वेगळा. भाषेमुळे अडलं असेल तर ते सुटण्यासारखं आहे. माणसांची गर्दी झाली असेल तर तेही कागद-पेनाने सुटतं. पण भीतीच उरली नसेल तर पुढची ३४२ पानं ती परत आणतील याची खात्री नाही.

ओळखायचं असं. पुस्तक मिटा आणि एका कागदावर तीन प्रश्न लिहा, ज्यांची उत्तरं तुम्हाला या पुस्तकाकडून खरोखर हवी आहेत. कथेत कोणते प्रश्न आहेत ते नका लिहू, तुम्हाला काय जाणून घ्यायचंय ते लिहा. 'खुन्याला थांबवणार कसं' हे त्यात आलं, तर वाचत राहा. तिन्ही प्रश्न जेरिको, सॅम, थीटा यांच्याविषयी असतील तरीही वाचत राहा, कारण पुस्तकाचा जीव त्यांच्यातच आहे. कागद कोरा राहिला तर तिथेच थांबा.

इथे एक गैरसमज पुष्कळांना अडवतो. हे 'खुनी कोण' छापाचं पुस्तक नाही. नॉटी जॉन या खुन्याचं नाव पहिल्याच पार्टीत प्लँचेटच्या पाटीवर उमटतं. वाचकाला ते ठाऊक, पात्रांना नाही. त्यामुळे संशयित ताडण्याच्या अपेक्षेने बसलेल्या वाचकाला मधला भाग पाल्हाळ वाटणारच. एव्ही आणि विलमामा पोथ्या उलगडून जे शोधतात त्यातलं बरंच आपल्याला आधीच कळलेलं असतं. खरा ताण 'थांबवायचं कसं आणि तोवर किती जण जातील' याचा आहे. या बाजूने वाचून पाहा.

शिवाय खुनांची रचना ठरावीक आहे. नवं माणूस येतं, त्याचं घर, त्याची हौस, त्याचं दुःख दोन-चार पानांत उभं राहतं आणि मग ते मरतं. पहिल्यांदा चटका बसतो, तिसऱ्यांदा 'ये रे माझ्या मागल्या' वाटू लागतं. नवं नाव प्रकरणाच्या पहिल्याच ओळीत आलं की हात आखडतो. लेखिकेने हे जाणूनबुजून केलंय, म्हणजे मेलेला माणूस केवळ प्रेत राहू नये. हेतू रास्त आहे, पण थकवा येतो हेही तितकंच खरं.

कंदील

वेगाबद्दल सांगतो, शेवट न फोडता. खुनी एका जुन्या पंथाच्या ग्रंथातली यादी पुरी करतोय. यादीत अकरा बळी आहेत आणि आकाशात धूमकेतू येण्याआधी ती पुरी व्हायला हवी. ही यादीच तुमची मोजपट्टी समजा. प्रत्येक खुनाजवळ कितवा बळी ते कळतं. तो आकडा समासात पेन्सिलीने मोठा लिहीत चला. अकरापासून किती दूर आहात ते दिसलं की पुस्तकाचं घड्याळ ऐकू यायला लागतं. ते घड्याळ मधल्या पार्ट्यांच्या गोंगाटात दबलंय, एवढंच.

अर्धं पुस्तक ओलांडलं की जुन्या पडक्या घराचा धागा घट्ट होतो. शेवटच्या तिसऱ्या हिश्शात एव्ही आणि जेरिको शहराबाहेर त्या पंथाच्या जुन्या वस्तीकडे जातात. तिथून पुढे पुस्तक खाली ठेवणं अवघड आहे. तुम्ही आहात तो सगळ्यात सपाट पट्टा.

आणि एक, जे या प्रकारातल्या बऱ्याच मालिकांच्या बाबतीत सांगता येत नाही: यातला खटला पहिल्याच पुस्तकात पूर्ण निकाली निघतो. २००५ नंतर अमेरिकेत किशोरांसाठीच्या अलौकिक कादंबऱ्यांची लाट आली आणि मालिकाच मालिका निघाल्या. त्यातल्या कितीतरी पहिल्या भागांत काहीच संपत नाही, सगळं पुढच्या भागावर ढकललेलं असतं. असं पुस्तक चाळीस टक्क्यांवर सोडण्यात फारसं नुकसान नाही. इथे मात्र शेवट गाठणाऱ्याला शेवट मिळतो.

माणसांसाठी पोस्टकार्डाएवढा एक कागद पुस्तकात ठेवा. मधोमध संग्रहालय काढा: विलमामा, त्यांचा सहायक जेरिको, भाची एव्ही, आणि येऊन चिकटलेला खिसेकापू सॅम. त्याच्या बाजूला बेनिंग्टन ही इमारत: एव्हीची मैत्रीण मेबल, नाटक कंपनीतली थीटा, पियानो वाजवणारा हेन्री आणि त्या दोघी म्हाताऱ्या बहिणी. वर कोपऱ्यात हार्लेम: मेम्फिस, त्याचा धाकटा भाऊ आयझाया, आंधळा बिल, सिस्टर वॉकर. तीन ठिकाणं, तीन गठ्ठे. नावं पाठ करण्यापेक्षा ठिकाणं पक्की करा, म्हणजे प्रकरण उघडताच आपण कुठे आहोत ते कळेल. दोन गठ्ठ्यांतली माणसं पहिल्यांदा भेटली की त्यांच्यात रेघ ओढायची. त्या रेघा हाच कादंबरीचा सांगाडा आहे.

दगडी_पाटी

भाषेची अडचण थोड्या शब्दांनी बरीच सुटते, कारण एव्ही तेच तेच शब्द फिरवून वापरते. हे १९२६ चं न्यूयॉर्क आहे आणि ती सतरा वर्षांची, मिरवायची हौस असलेली मुलगी आहे. तिचे लांबवलेले शब्द, उदाहरणार्थ 'पॉझि-ट्यूट-ली', हे 'पॉझिटिव्हली' आणि 'अ‍ॅब्सोल्यूटली' यांची मोडतोड आहेत. कोशात शोधू नका. त्या काळच्या बोलीत 'गिगल वॉटर' आणि 'हूच' म्हणजे दारू, 'ऑसिफाइड' किंवा 'स्पिफ्लिकेटेड' म्हणजे टाइट झालेला, 'जेक' म्हणजे ठीकठाक, 'अ‍ॅपलसॉस' म्हणजे काहीतरीच, 'शीक' म्हणजे देखणा पोरगा, 'अँड हाउ!' म्हणजे 'अगदी बरोब्बर!'. अडलेला प्रत्येक शब्द बघायला थांबलात तर वेग मरतो. वाक्यात चिडचिड आहे, कौतुक आहे की थाप आहे एवढं कळलं की पुढे सरका.

काळ थोडा समजला की मधला भागही बोलका होतो. दारूबंदी जानेवारी १९२० पासून डिसेंबर १९३३ पर्यंत होती. बंदी होती बनवण्यावर, विकण्यावर, वाहतुकीवर. पिणं हा गुन्हा नव्हता. म्हणून ते चोरटे अड्डे आणि दारातले परवलीचे शब्द. थीटा ज्या झीगफेल्ड फॉलीजमध्ये नाचते ती ब्रॉडवेवरची खरी कंपनी, १९०७ पासूनची.

मेम्फिस आकडे गोळा करतो ते मराठी वाचकाला पटकन कळायला हवं. लोक तीन अंकी आकड्यावर पैसे लावायचे आणि त्या दिवशीचा आकडा न्यूयॉर्कच्या बँकांच्या क्लिअरिंग हाउसच्या छापून येणाऱ्या बेरजांवरून ठरायचा, म्हणजे कुणाला हात मारता येऊ नये. आपल्याकडचा मटका मुंबईत सुरू झाला तोसुद्धा न्यूयॉर्क कॉटन एक्सचेंजच्या कापसाच्या भावांवरच्या आकड्यातून. आकडा लावणारा, चिठ्ठी नेणारा, कुणाला काय स्वप्न पडलं त्यावरून आकडा काढणारा, ही सगळी माणसं ओळखीची आहेत. हार्लेमची प्रकरणं त्या नजरेने वाचा.

प्लँचेटचंही थोडं. आपण 'प्लँचेट करणं' म्हणतो, वाटी किंवा नाणं फिरवतो. अमेरिकी पुस्तकांत प्लँचेट म्हणजे फक्त ती बदामाच्या आकाराची सरकती पट्टी. अक्षरांची पाटी ती विजा बोर्ड, ज्याचं पेटंट १८९१ चं. नियम मात्र तोच, आलेल्याला निरोप देऊन परत पाठवायचं. पहिल्या प्रकरणात तेच राहून जातं आणि सगळं रामायण तिथून सुरू होतं.

खुन्याचा पंथ काल्पनिक आहे, पण त्याची जमीन खरी. न्यूयॉर्क राज्याच्या मध्य-पश्चिम भागात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एकामागून एक पंथ उगवले. मॉर्मन चर्च १८३० मध्ये, जग १८४४ साली संपणार म्हणून वाट पाहणारे मिलरपंथी, १८४८ साली हाइड्सव्हिलच्या फॉक्स बहिणी आणि त्यांच्यापासून सुरू झालेलं मृतात्म्यांशी बोलण्याचं खूळ. धर्माच्या आगीने इतका होरपळलेला, की या भागाला 'जळून गेलेला प्रदेश' म्हणत. विलमामांची व्याख्यानं या पार्श्वभूमीवर वाचली तर ती नमनाला घडाभर तेल वाटत नाहीत. पुढे एका जत्रेत 'उत्तम कुटुंब' स्पर्धेचा तंबू येतो, तोही खरा. माणसांना गुरांसारखं पारखून पदकं द्यायची ही स्पर्धा १९२० मध्ये कॅन्ससच्या जत्रेतून सुरू झाली. लेखिकेला भुताइतकीच भीती त्या तंबूची दाखवायची आहे.

मुक्काम_पोस्ट

गाळण्याबद्दल. फक्त खुनाची कथा हवी असेल तर एव्ही, विल, जेरिको, सॅम यांची आणि खुनी दिसतो ती प्रकरणं पूर्ण वाचा. मेम्फिस, थीटा, हेन्री यांच्या प्रकरणाचा पहिला परिच्छेद आणि शेवटचं पान एवढंच. शहरावरून वाऱ्यासारखी फिरत जाणारी वर्णनं आहेत ती नजरेखालून घाला. यात पुष्कळ पानं कमी होतात आणि खटल्याचा धागा तुटत नाही, कारण हार्लेमचा धागा या भागात बराच काळ समांतरच चालतो.

पानं उलटताना हरवत असाल तर किंडलवर 'पेज फ्लिप' आहे. मूळ जागा राखून पुढे डोकावता येतं. आणि पात्राचं नाव विसरलं तर पुस्तकातच शोधा, पहिला उल्लेख उघडा, दोन ओळी वाचून परत या. महाजालावर नाव शोधलंत तर पहिल्याच ओळीत त्याचं भविष्य वाचायला मिळेल.

रातराणी

मुक्काम_पोस्ट, इथे माझा तीव्र विरोध. मेम्फिसला गाळू नका. आयझायाला जे दिसतं, जे स्वप्नात येतं, ते धूमकेतूशी आणि येणाऱ्या संकटाशी बांधलेलं आहे. पुढच्या तीन पुस्तकांचा कणा हार्लेमच्याच घरात उभा राहतो. शिवाय गाळायचंच तर बरोबर उलटं गाळता येईल. एव्हीच्या पार्ट्या आणि खरेदी एकाच सुराची आहे. तिथली पानं संवादांवरून सरकत वाचली तरी काही हरवत नाही. मेम्फिसच्या प्रकरणांत मात्र हात लावून माणसं बरी करण्याची शक्ती असलेला, ती शक्ती ऐन वेळी आईच्या कामी न आलेला मुलगा आहे. या पुस्तकात शक्तीची किंमत काय असते ते तिथे दिसतं.

किंमत हा शब्द मुद्दाम वापरते. अलौकिक कथा चाळीस टक्क्यांवर विरते तेव्हा शंभरातल्या बहुतेक वेळा कारण हेच असतं की शक्तीला किंमत नसते आणि भुताला नियम नसतात. मग काहीही होऊ शकतं, म्हणून कशाचीच भीती वाटत नाही. ब्रे यांनी नियम घातले आहेत. एव्हीला वस्तू हातात घ्यावी लागते. अंगठी, हातमोजा, रुटाच्या बुटाचं बक्कल. ते बक्कल तिच्या मुठीत असतं आणि तिला शीळ ऐकू येते, एक बाळबोध चाल, मागून कुणीतरी चालत आल्यासारखी. एवढंच. चेहरा नाही, नाव नाही. त्या बदल्यात डोकं फुटायची वेळ येते. आणि ती हे कुणाला सांगू शकत नाही, कारण ओहायोतल्या पार्टीत एका मुलाच्या अंगठीवरून खरं बोलली म्हणून तर तिला न्यूयॉर्कला धाडलंय. दारू, पार्ट्या, बडबड हे सगळं त्या डोकेदुखीवरचं आणि भावाच्या आठवणीवरचं पांघरूण आहे. हे ध्यानात ठेवून वाचलं तर तुम्हाला सपाट वाटलेली प्रकरणं तेवढी सपाट राहत नाहीत.

यानंतरही एव्ही असह्य होत असेल तर खुशाल सोडा. तिचा आवाज चारही पुस्तकांत आहे आणि पहिल्या भागात ती फारशी बदलत नाही.

ऐकण्याचा पर्यायही आहे. जानेवारी लाव्हॉय यांनी वाचलेलं इंग्रजी ऑडिओबुक अठरा तासांच्या आसपास आहे. तुमचे उरलेले ५९ टक्के म्हणजे साडेदहा तास. सव्वापट वेगाने साडेआठ. प्रत्येक पात्राचा आवाज वेगळा असल्याने कोण बोलतंय ते शोधावं लागत नाही, आणि १९२६ ची बोली कानाला जितकी सोपी जाते तितकी डोळ्यांना जात नाही. फक्त नॉटी जॉनचं गाणं रात्री एकट्याने ऐकू नका.

चिंचपान

सगळ्यांचे आभार. घड्याळ लावलं. दहा पानांना सव्वीस मिनिटं, म्हणजे जवळपास पंधरा तास. कागदावर दोनच प्रश्न आले: जेरिको काय लपवतोय, आणि संग्रहालय कराच्या थकबाकीतून वाचतं का. खुन्याविषयी एकही नाही.

दोन शंका उरल्या. चौदा वर्षांच्या मुलीला हे द्यावं का? आणि आत्ता बाजूला ठेवायचं झालं तर नीट कसं ठेवावं, म्हणजे सहा महिन्यांनी पहिल्या पानापासून सुरू करावं लागणार नाही?

कपाट_नं_७

आधी मुलीचं. अमेरिकी ग्रंथपालांच्या व्यवहारात यंग अ‍ॅडल्ट म्हणजे १२ ते १८, पण हा पट्टा फार रुंद आहे आणि हे पुस्तक त्याच्या वरच्या टोकाचं. प्रेतांचे अवयव काढलेले आहेत, त्याचं वर्णन आहे. बळींमध्ये एक शाळकरी मुलगा आहे. थीटाच्या भूतकाळात नवऱ्याची मारहाण आणि अत्याचार आहेत. दारू पानोपानी. वंशद्वेषाचे त्या काळचे शब्दही आहेत. भुताच्या गोष्टी पचवणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीला यातलं भूत जड जाणार नाही, थीटाचं प्रकरण जाऊ शकेल. ते आधी स्वतः वाचा आणि मग ठरवा. स्टोरीग्राफ या वाचनाच्या नोंदी ठेवण्याच्या संकेतस्थळावर वाचकांनी नोंदवलेले आशयाचे इशारे तीव्रतेनुसार लावलेले असतात, ते पाहून घ्या. तिने मधेच सोडलं तर 'पूर्ण कर' म्हणू नका. तिला कुठे थांबावंसं वाटलं तेवढं विचारा. पानाचा आकडा नको, प्रसंग विचारा. पुढचं पुस्तक निवडायला ते उत्तर पुरतं.

आता बाजूला ठेवण्याची रीत. 'सोडलं' आणि 'ठेवलं' यात फरक करा. ठेवायचं असेल तर प्रकरणाच्या मध्यात कधीच थांबू नका. चालू प्रकरण संपवा आणि पुढच्याचं पहिलं पान वाचा, कारण परत येताना दार तिथूनच उघडायचं आहे. मग त्याच दिवशी, झोपण्याआधी, चिठ्ठी लिहा. दुसऱ्या दिवशी निम्मी नावं गेलेली असतात. चिठ्ठीत पान, तारीख, आत्ता कोण कुठे आहे, कुणाला काय माहीत आहे आणि कुणाला नाही. हे शेवटचं महत्त्वाचं. थ्रिलरमध्ये घटना आठवतात, पण कुठलं गुपित कुणाकडे आहे ते विसरतं, आणि तेवढ्यासाठी लोक पुन्हा पहिल्या पानाकडे जातात. खाली तुमचे ते दोन प्रश्न. कंदील यांचा नकाशा त्याच कागदाच्या मागे. चिठ्ठी चिकटवू नका, पिवळ्या चिकट चिठ्ठ्यांचा डिंक जुन्या कागदावर डाग धरतो. साधा कागद पानात सरकवा. पुस्तक वाचनालयाचं असेल तर चिठ्ठीचा फोटो काढा आणि पुस्तक मुदतीआधी परत करा, मागे नंबर लावलेला कुणीतरी असतो.

सहा महिन्यांच्या आत परतलात तर चिठ्ठी आणि आधीची वीस पानं पुरतील. वर्ष उलटलं तर सुरुवातीची पार्टी, रुटाचं प्रकरण आणि बक्कलाचा प्रसंग पुन्हा वाचा, मग थेट २३६.

नियमांविषयी कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. सिअ‍ॅटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा नियम प्रसिद्ध आहे: पन्नाशीपर्यंतच्या वाचकाने ५० पानं द्यावीत, त्यापुढे १०० मधून वय वजा करावं. अडीचशे पानांच्या पुस्तकाला तो चालतो. ५७८ पानांच्या, चार-पाच धागे असलेल्या पुस्तकात पन्नासाव्या पानाला सगळी माणसं आलेलीच नसतात. तिथे पाचवा हिस्सा, म्हणजे इथे ११५ पानं, हे माप बरं. तुम्ही त्याच्या दुप्पट दिली आहेत. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले. त्यातला दुसरा पानं गाळण्याचा आणि तिसरा पुस्तक पुरं न करण्याचा. तेव्हा मुक्काम_पोस्ट आणि तुम्ही, दोघंही हक्कातच आहात.

पैसे दिलेत म्हणून वाचत राहणं याचा अभ्यास झालेला आहे. १९८५ मध्ये आर्क्स आणि ब्लूमर या संशोधकांनी नाटकांच्या हंगामी तिकिटांवर प्रयोग केला. काहींना पूर्ण किमतीत, काहींना सवलतीत तिकीट दिलं. हंगामाच्या पहिल्या सहामाहीत पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना गेले. नाटकं तीच होती. पुस्तकाच्या मागची किंमत अशीच पानं उलटायला लावते, म्हणून निर्णयाच्या वेळी ती बघूच नये.

नोंद ठेवत असाल तर स्टोरीग्राफवर 'पूर्ण केलं नाही' अशी वेगळी सोय आहे. गुडरीड्सवर स्वतःचं शेल्फ करून ते इतर शेल्फांपासून वेगळं ठेवता येतं, म्हणजे पुस्तक 'वाचलेली'त मोजलं जात नाही. तारे देऊ नका. अभिप्राय लिहिलात तर कितव्या पानावर थांबलात आणि कशामुळे, हे पहिल्याच वाक्यात लिहा. 'कंटाळवाणं' या शब्दाने पुढच्या वाचकाला काही कळत नाही. 'बळींची ओळख-मृत्यू ही रचना तिसऱ्या वेळी अपेक्षित वाटली' याने कळतं.

वाळवी

शेवट वाचावा का, याचं उत्तर राहिलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या लेविट आणि क्रिस्टनफेल्ड यांनी २०११ मध्ये बारा लघुकथांवर प्रयोग केला होता. शेवट आधी कळलेल्या वाचकांना कथा सरासरीने जास्त आवडल्या. त्या लघुकथा होत्या, सहाशे पानी कादंबरीला ते जसंच्या तसं लावता येणार नाही. पण तुमचे दोन्ही प्रश्न खुन्याविषयी नाहीत. म्हणजे जॉनचा शेवट कळल्याने तुमचं काही बिघडत नाही. पुढच्या परिच्छेदात रहस्यभेद आहे.

जॉनला बांधून टाकतं ते एव्हीच्या गळ्यातलं पदक, भावाने दिलेलं अर्ध्या डॉलरचं नाणं. ते तिला कायमचं गमवावं लागतं. जेरिकोचं गुपित त्या पंथाच्या वस्तीकडे जातानाच्या भागात उघडतं, शेवटच्या तिसऱ्या हिश्शात. तुम्हाला तेवढंच हवं असेल तर दोघं गाडीने शहराबाहेर निघतात ते प्रकरण शोधा आणि तिथून सलग शेवटापर्यंत वाचा. मधला खटला कंदील यांच्या अकरा आकड्यांवरून जुळवता येईल. खटला संपल्यावर शेवटची काही पानं दुसऱ्या पुस्तकाची पेरणी आहे, ती सोडू नका.

रहस्यभेद संपला.

कंदील

दुसरं पुस्तक 'लेअर ऑफ ड्रीम्स' २०१५ चं. पहिलं पुरं न करता ते घेता येतं का? येतं, कारण खटला नवा आहे: चायनाटाउनमध्ये झोपेतून माणसं उठतच नाहीत असा आजार, आणि स्वप्नात चालत जाणारे दोघे, हेन्री आणि लिंग चॅन ही नवी मुलगी. पार्ट्या कमी, गूढ जास्त. पहिल्या भागात एव्ही खटकली असेल तर इथे मध्यभागी हेन्री आणि लिंग आहेत, हा फरक तुमच्या उपयोगाचा. घेण्याआधी तीन गोष्टी ठाऊक हव्यात: एव्हीने आपली शक्ती जगजाहीर केली आहे आणि ती आता रेडिओवर आहे, विलमामांशी तिचं बिनसलंय, आणि उंच टोपी घातलेला एक माणूस सगळ्यांच्या स्वप्नांच्या कडेला उभा असतो.

किलोच्या विक्रीत किंवा फुटपाथवर ही मालिका सुटी-सुटी मिळते आणि मुखपृष्ठावरून क्रम लागेलच असं नाही. आतलं शीर्षकपान उघडून नाव बघा: 'द डिव्हायनर्स', 'लेअर ऑफ ड्रीम्स', 'बिफोर द डेव्हिल ब्रेक्स यू' (२०१७), 'द किंग ऑफ क्रोज' (२०२०). तिसऱ्यापासून सुरुवात मात्र करू नका, तिथे आधीचं काहीही समजावून सांगितलेलं नाही.

चिंचपान

ठरलं. गाडीने निघतात त्या प्रकरणापासून शेवटापर्यंत वाचतो, मधलं मेम्फिसचं तेवढं पूर्ण, एव्हीच्या पार्ट्या सरकत. चिठ्ठी लिहून पान २३६ ला ठेवली आहे. थीटाची प्रकरणं वाचून झाली की मुलीचं ठरवेन.